दोन मार्ग असूनही अंधार का झाला? ग्वाल्हेरच्या वीजवाहिनीतून समजून घेऊ सर्व्हरचं ‘मल्टिपाथ’

बँक, रुग्णालय, तहसील कार्यालय… सगळीकडे सर्व्हरला डिस्कपर्यंत दोन किंवा चार रस्ते दिलेले असतात. तरीही ‘सिस्टीम डाऊन’ होते. असं का होतं?

३० जुलै २०१२. पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटं झाली होती. मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरला जाणारी ४०० केव्हीची वीजवाहिनी अचानक बंद झाली. त्यानंतर एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या आणि उत्तर विभागाचं अख्खं ग्रीड कोसळलं. दिल्ली, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, राजस्थान, पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीर अंधारात गेले. सुमारे ३६ हजार मेगावॅटचा भार तुटला. वीज पूर्ववत व्हायला दुपारचे चार वाजले.

दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तेच घडलं. सुरुवात त्याच बीना–ग्वाल्हेर वाहिनीपासून. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग बसले, सुमारे ४८ हजार मेगावॅट भार गेला. ज्या भागात अंधार झाला तिथे ६० कोटींहून जास्त लोक राहतात. पश्चिम विभागाचं ग्रीड मात्र टिकलं, म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेकांना ही बातमी टीव्हीवर बघायला मिळाली.

आता गंमत अशी, की बीना आणि ग्वाल्हेरदरम्यान ४०० केव्हीची एकच वाहिनी नव्हती. दुसरं सर्किट होतं. पण ते ७६५ केव्हीला वाढवण्याच्या कामासाठी ठरवून बंद ठेवलं होतं. कागदावर मार्ग दोन, प्रत्यक्षात एक. सगळा भार त्या एकावर.

संगणकाच्या दुनियेत हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरला ‘मल्टिपाथ’ म्हणतात. सर्व्हर आणि डिस्क यांच्यामधल्या अनेक रस्त्यांपैकी आधी कोणता वापरायचा (प्राधान्य) आणि कोणता आत्ता खरोखर चालू आहे (उपलब्धता), हे ते ठरवतं. सेटिंग नीट नसेल तर चार रस्ते असूनही बीना–ग्वाल्हेरसारखी गत होते.

मल्टिपाथ म्हणजे नेमकं काय?

मोठ्या कार्यालयात माहिती सर्व्हरच्या पोटातल्या डिस्कवर नसते. ती वेगळ्या कपाटात असते, त्याला स्टोरेज म्हणतात. समजा एका जिल्हा बँकेत असं स्टोरेज आहे. सर्व्हरला दोन कार्डं, मध्ये दोन स्विच, आणि स्टोरेजला दोन कंट्रोलर. कार्ड जळलं, स्विच बिघडला, केबल निघाली तरी काम थांबू नये, म्हणून ही सगळी जोडीची मांडणी. अशा जोडणीत एकाच डिस्कपर्यंत साधारण चार रस्ते तयार होतात.

अडचण अशी, की सर्व्हरला हे चार रस्ते चार वेगळ्या डिस्क वाटतात. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी अशी चार नावं दिसतात. एखाद्या नवख्या माणसाने त्यातल्या एका नावावर थेट काम सुरू केलं, तर तो रस्ता गेला की काम ठप्प. दोन नावांना दोन वेगळ्या डिस्क समजून लिहायला घेतलं, तर माहितीची वाट लागते.

मल्टिपाथ सॉफ्टवेअर प्रत्येक डिस्कचा जगात एकमेव असलेला ओळख क्रमांक वाचतं. चारही ठिकाणी क्रमांक एकच दिसला, की ही डिस्क एकच आहे हे त्याला कळतं. मग ते वर एकच नाव दाखवतं आणि खालचे चार रस्ते स्वतः सांभाळतं. लिनक्सवर हे काम करणारी ‘मल्टिपाथ-टूल्स’ क्रिस्तोफ वारोकी यांनी सुरू केली. विंडोजमध्ये ‘एमपीआयओ’, व्हीएमवेअरमध्ये त्याची स्वतःची व्यवस्था, व्हेरिटासचं ‘डायनॅमिक मल्टिपाथिंग’, ईएमसीचं ‘पॉवरपाथ’ अशी बाकीची नावं. नावं वेगळी, काम तेच.

सगळे रस्ते सारखे नसतात

कोल्हापूर ते निपाणी जायला महामार्ग आहे आणि गावागावांतून जाणारे रस्तेही आहेत. गाडी दोन्हीकडून पोचते, पण कुणी उगाच आतल्या रस्त्याने जात नाही. स्टोरेजचंही तसंच आहे.

बऱ्याच स्टोरेजमध्ये एकेका डिस्कची ‘मालकी’ एका कंट्रोलरकडे असते. समजा डिस्क पहिल्या कंट्रोलरची आहे. मागणी त्याच्याकडे गेली तर थेट काम होतं. दुसऱ्याकडे गेली तरी होतं, पण तो ती आतल्या आत पहिल्याकडे सरकवतो. वळसा पडतो, वेळ वाढतो.

कोणता रस्ता थेट आणि कोणता वळशाचा, हे स्टोरेज स्वतःच सर्व्हरला सांगू शकतं. या पद्धतीला ‘अलुआ’ म्हणतात. लिनक्सचं मल्टिपाथ ती माहिती घेऊन गुण देतं. थेट रस्त्याला ५०, वळशाच्या रस्त्याला १०. नुसत्या राखीव म्हणून उभ्या रस्त्याला १. सारख्या गुणांच्या रस्त्यांचा एक गट केला, की दोन गट होतात. पहिल्या गटात ५० गुणांचे दोन, दुसऱ्यात १० गुणांचे दोन. सगळं काम पहिल्या गटाकडे जातं आणि तिथले दोन रस्ते ते वाटून घेतात. त्यातला एक गेला तर उरलेला एक चालवतो. दोन्ही गेले, तरच दुसऱ्या गटाची पाळी.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, चारही रस्ते एकाच गटात टाकणं. ‘सगळे वापरले की वेग वाढेल’ असं वाटतं, पण अर्धी मागणी वळशाने जाते आणि सिस्टीम उलट मंदावते. दुसरी, प्रत्येक रस्त्याचा वेगळा गट करणं. मग एकच राबतो आणि तीन बसून राहतात. ज्या स्टोरेजचे दोन्ही कंट्रोलर बरोबरीने काम करतात, तिथे मात्र सगळे एका गटात ठेवणं योग्य. म्हणून सेटिंग शेजारच्या कार्यालयातून उचलून आणू नये. स्टोरेज कंपनीने त्या मॉडेलसाठी काय सांगितलंय ते बघावं.

कधी गुण हातानेही द्यावे लागतात. उदाहरणार्थ, एक स्टोरेज त्याच इमारतीत आणि त्याची जोडी दहा किलोमीटरवर. दोन्ही स्टोरेज ‘मी थेट आहे’ असंच सांगतील. पण जवळचं कोण हे माणसालाच ठाऊक असतं, ते त्याने सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

विजेच्या जाळ्यात अशी मुभा कमी असते. साध्या एसी वाहिन्यांत वीज कुठून वाहील हे कुणी बटण दाबून ठरवत नाही, ती जिथे अडथळा कमी तिथून वाहते. चंद्रपूर–पडघे यासारख्या डीसी वाहिनीवर किती वीज पाठवायची ते ठरवता येतं. स्टोरेजमध्ये ही निवड पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि म्हणूनच ती चुकली तर दोषही आपलाच.

‘मार्ग चालू आहे’ हे कोण सांगणार?

२०१२च्या घटनेची चौकशी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या समितीने केली. अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. त्यातली एक गोष्ट संगणकवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर त्या पहाटे कुठलाही फॉल्ट नव्हता. तार तुटली नव्हती, झाड पडलं नव्हतं. वाहिनी तिच्या संरक्षक रिलेने बंद केली होती.

हा रिले वाहिनीवरचा व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर मोजतो. फॉल्ट झाला की करंट वाढतो, व्होल्टेज पडतं आणि गुणोत्तर कमी होतं. पण वाहिनीवर अतिभार असला तरी नेमकं तेच होतं. दूरच्या फॉल्टवर लक्ष ठेवणाऱ्या रिलेच्या ‘झोन-३’ला तो अतिभार फॉल्टसारखा दिसला आणि त्याने वाहिनी तोडली. म्हणजे मार्ग गर्दीचा होता, पण तपासनीसाने तो मेला असं जाहीर केलं. मग त्याचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला आणि त्याही सुटत गेल्या.

मल्टिपाथमध्येही असा तपासनीस असतो. तो दर काही सेकंदांनी प्रत्येक रस्त्यावरून डिस्कला एक छोटा प्रश्न पाठवतो, ‘तयार आहेस का?’ लिनक्समध्ये सुरुवातीचं अंतर ५ सेकंदांचं असतं. रस्ता ठीक चालत राहिला की ते वाढत २० सेकंदांपर्यंत जातं. उत्तर आलं तर रस्ता चालू, नाही आलं तर बंद.

या तपासनीसाची चूक दोन बाजूंनी होऊ शकते.

एक, स्टोरेजवर रात्रीच्या बॅकअपचा प्रचंड भार आहे आणि उत्तराला उशीर होतोय. वाट बघण्याची मुदत फार कमी ठेवली असेल, तर नुसता दमलेला रस्ता मेलेला ठरतो. त्याचं काम दुसऱ्यावर पडतं, मग दुसराही दमतो. ही थेट ग्वाल्हेरची गोष्ट.

दुसरी चूक उलटी. फायबरच्या टोकावर धूळ आहे किंवा जोडणीचा भाग कमजोर झालाय. छोटा प्रश्न सहज पास होतो, पण खरं काम सुरू झालं की चुका येतात. रस्ता बंद होतो, तपासनीस विचारतो, ‘ठीक’ असं उत्तर येतं, रस्ता चालू होतो, पुन्हा बंद. दिवसभर हेच. पूर्ण मेलेल्या रस्त्यापेक्षा असा लटपटणारा रस्ता जास्त त्रास देतो, कारण प्रत्येक वेळी काही मागण्या त्याच्यात अडकतात आणि काउंटरवर रांग वाढते. यावर उपाय म्हणून नव्या आवृत्त्यांत सोय आहे. ठरावीक वेळात ठरावीक चुका झाल्या, की तो रस्ता काही काळ बाजूला ठेवायचा, तपासात पास झाला तरी लगेच घ्यायचा नाही. बऱ्याच ठिकाणी ही सोय सुरूच केलेली नसते.

परत यायची घाई

२०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. पाणी ओसरताना दिसलं म्हणून सगळी वाहनं एकदम सोडून चालत नाही. रस्ता खचलाय का ते आधी बघावं लागतं.

मल्टिपाथमध्ये याला ‘फेलबॅक’ म्हणतात. पसंतीचा गट पुन्हा चालू झाला तर त्याच्याकडे कधी परतायचं? ‘ताबडतोब’, ‘इतक्या सेकंदांनी’ किंवा ‘माणूस सांगेल तेव्हा’ असे पर्याय असतात. ताबडतोब ठेवलं आणि रस्ता लटपटणारा असला, तर काम सारखं इकडून तिकडे उड्या मारतं. माणसावर सोडलं आणि माणूस विसरला, तर महिनोन्महिने वळशाच्या रस्त्याने काम चालू राहतं. ‘हल्ली सिस्टीम स्लो आहे’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. एका सर्व्हरसाठी काही मिनिटं थांबून परतणं हा मधला मार्ग बऱ्याचदा ठीक पडतो.

दोन सर्व्हर एकच डिस्क वापरत असतील तर आणखी काळजी लागते. जुन्या पद्धतीच्या स्टोरेजमध्ये एका वेळी एकच कंट्रोलर डिस्क सांभाळतो. एका सर्व्हरचा पहिल्या कंट्रोलरकडचा रस्ता तुटला, म्हणून तो डिस्क दुसऱ्याकडे ओढतो. दुसऱ्या सर्व्हरचा पहिला रस्ता चांगला आहे, म्हणून तो परत पहिल्याकडे ओढतो. ही ओढाताण थांबवण्यासाठी लिनक्समध्ये ‘फॉलोओव्हर’ नावाचा वेगळा पर्याय आहे. त्यात सर्व्हर उगाच परत ओढत नाही, त्या गटातला रस्ता खरोखर बंद होऊन पुन्हा चालू झाला तरच परततो.

सगळेच रस्ते गेले तर?

हा प्रश्न सेटिंग करतानाच विचारून ठेवावा लागतो. पर्याय तीन.

‘लगेच चूक सांगा’ असं ठेवलं, तर प्रोग्रामला कळतं की डिस्क गेली. पण स्विच नुसता दहा सेकंदांसाठी रीस्टार्ट झाला तरी डेटाबेस कोलमडू शकतो. ‘रांगेत थांबवा’ असं ठेवलं, तर मागण्या रस्ता येईपर्यंत थांबून राहतात. रस्ता आलाच नाही, तर सर्व्हर ना चालू ना बंद अशा अवस्थेत लटकतो, कधी कधी नीट बंदही होत नाही. तिसरा पर्याय ठरावीक वेळा वाट बघण्याचा. तपासणीचं अंतर ५ सेकंद असेल आणि १२ वेळा थांबायला सांगितलं, तर सुमारे एक मिनिट वाट बघून मग चूक सांगितली जाते.

जिथे एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलायचं अशी व्यवस्था आहे, तिथे कायमची रांग घातक. पहिला सर्व्हर ‘मी पडलो’ असं कबूलच करत नाही, मग दुसरा पुढे येणार कसा?

दुरुस्तीचा दिवस सगळ्यात धोक्याचा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्या दिवशी दिलेल्या माहितीनुसार, कळवा–पडघा इथे सर्किट १चं देखभालीचं काम सुरू असल्याने भार सर्किट २वर होता, आणि त्यातच बिघाड झाला. ग्वाल्हेरनंतर आठ वर्षांनी पुन्हा तोच साचा. एक मार्ग ठरवून बंद, दुसरा ऐनवेळी गेला.

२०१२च्या समितीनेही वाहिन्या बंद ठेवण्याचं नियोजन समन्वयाने करा, असं सुचवलं होतं. सर्व्हर रूमला हे जसंच्या तसं लागू होतं. केबल बदलायला आलेला माणूस एक केबल काढतो, ‘दुसरी आहेच की’ म्हणून. पण दुसरी तीन महिन्यांपूर्वीच बंद पडलेली असते. मल्टिपाथ आपलं काम चोख करत होतं, त्यामुळे कुणाला काही जाणवलंच नव्हतं. एक रस्ता गेला तरी काम चालू राहतं, हा फायदा खरा. पण गेलेला रस्ता कुणी बघितला नाही, तर तोच फायदा घात करतो.

म्हणून एखाद्या रस्त्याला हात लावण्याआधी एवढं तरी करावं:

• सगळे रस्ते आत्ता चालू आहेत का, ते मल्टिपाथची यादी काढून बघा. चारच्या जागी तीन दिसले तर काम तिथेच थांबवा.

• भार मोजा. दोन रस्ते प्रत्येकी ६० टक्के भरलेले असतील, तर एक काढल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के येणार. बॅकअप, महिनाअखेर, पगाराचा दिवस टाळा.

• केबल उपटण्याआधी सॉफ्टवेअरमधून तो रस्ता बंद करा. काम दुसरीकडे सुरळीत गेलं हे दहा मिनिटं बघा. अडचण आली तर एका आज्ञेत तो परत घेता येतो.

• काम झाल्यावर पुन्हा यादी काढा. चारही रस्ते परतले का, आणि पसंतीचा गटच काम करतोय का, दोन्ही बघा.

• एक रस्ता गेला तरी फोनवर संदेश यायला हवा. चारही गेल्यावर संदेश आला तर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअरला कधीच दिसत नाही. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर आहेत का? दोन्ही केबल एकाच कार्डात लावल्यात का? दोन इमारतींमधल्या दोन फायबर एकाच खड्ड्यातून गेल्यात का? तसं असेल तर जेसीबीचा एक फटका दोन्ही घेऊन जातो. यादीत चार रस्ते दिसतात, खरे तर तो एकच असतो. हे शोधायला खाली वाकून, केबल हातात धरून बघावं लागतं.

पुढे काय झालं?

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी जोडलं आणि पूर्ण देशाचं एकच ग्रीड झालं. सोलापूरच्या लोकांना ही वाहिनी परिचयाची आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे मार्ग वाढले, हे चांगलंच. पण मार्ग वाढवणं आणि ते वेळेला हाती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसे लागतात, दुसरीसाठी रोजची नजर.

आपल्या कार्यालयातल्या सर्व्हरची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याला आज एवढंच विचारून बघा: ‘डिस्कपर्यंत रस्ते किती? त्यातले आत्ता चालू किती? आणि हे शेवटचं कधी तपासलं?’ पहिल्या दोन आकड्यांत फरक निघाला, तर पुढची केबल काढण्याआधी तो दुरुस्त करून घ्या.